बाळंतपणाची फाईल रद्दीत टाकू नका

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्या घरात बाळंतपण झालं, त्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक फाईल असतेच. सोनोग्राफीचे गुळगुळीत काळपट कागद, रक्तगटाची चिठ्ठी, दर महिन्याचं वजन आणि बीपी लिहिलेलं कार्ड, साखरेचा रिपोर्ट आणि तिसऱ्या महिन्यात केलेल्या ‘डबल मार्कर’ या रक्ततपासणीची दोन-तीन पानं. बाळ सुखरूप हाती आलं की फाईलचं काम संपलं, असं सगळे धरून चालतात. पुढे कधीतरी घर आवरताना ती रद्दीत जाते. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, ती फाईल टाकू नका. बाळासाठी तिचं काम संपलं असेल, पण बाळाच्या आईला तिची खरी गरज चाळिशी-पन्नाशीत पडणार आहे.

या फाईलीतल्या डबल मार्करच्या पानावर एक नाव असतं, पॅप-ए. पूर्ण नाव प्रेग्नन्सी-असोसिएटेड प्लाझ्मा प्रोटीन-ए. हे एक प्रथिन आहे. १९७४ साली अमेरिकेत लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तात एकदम वाढणारी चार प्रथिनं वेगळी केली आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. त्यातलं हे पहिलं. वारेत ते भरपूर तयार होतं आणि दिवस जातील तसं आईच्या रक्तात वाढत जातं, एवढं कळलं होतं. ते करतं काय, हे पुढची पंचवीस वर्षं कोणालाच सांगता येत नव्हतं.

उत्तर आलं ते भलत्याच वाटेने. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक आहे. तिथे शेरिल कॉनोव्हर या संशोधक माणसाच्या कातडीतल्या पेशींवर काम करत होत्या. या पेशी एक विकर बाहेर सोडतात आणि ते विकर दुसऱ्या एका प्रथिनाचे बरोबर दोन तुकडे करतं, हे त्यांना माहीत होतं. ते विकर कोणतं, याचा शोध चालू होता. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठातले क्लॉस ऑक्सव्हिग आणि त्यांचे सहकारी बरोबर होते. १९९९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हे विकर म्हणजेच पॅप-ए. म्हणजे जे प्रथिन फक्त गर्भारपणाचं समजलं जात होतं, ते साध्या कातडीतही निघालं. पुरुषांमध्येही असतं, म्हाताऱ्या माणसांमध्येही असतं. हाडं, रक्तवाहिन्या, चरबी, सगळीकडे थोडंथोडं तयार होतं आणि तिथल्या तिथेच काम करतं.

काम काय, ते शेतकऱ्याला लगेच समजेल. शरीरात वाढीचा निरोप देणारा एक पदार्थ असतो, आयजीएफ. तो पाटाच्या पाण्यासारखा सगळीकडे फिरत असतो, पण मोकळा नसतो, त्याला धरून ठेवणारी प्रथिनं असतात. पॅप-ए हे दारं धरणाऱ्या माणसाचं काम करतं. ज्या वाफ्याला पाणी हवं तिथला बांध ते फोडतं, म्हणजे आयजीएफला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा तुकडा पाडतं, आणि सुटलेला आयजीएफ शेजारच्याच पेशीला जाऊन ‘वाढ’ असं सांगतो. जखम भरताना हे लागतं, मोडलेलं हाड जुळताना लागतं आणि पोटातल्या बाळाला तर फारच लागतं.

आता डबल मार्करबद्दल बोलते, कारण या कागदाने अनेक घरांची झोप उडवली आहे.

ओळखीतली एक मुलगी मध्यंतरी असा रिपोर्ट घेऊन आली. वय सत्तावीस, पहिलीच खेप. कागदावर पॅप-एच्या पुढे ०.३८ एमओएम असं छापलेलं आणि शेजारी खाली बोट दाखवणारा बाण. शेवटी मात्र डाऊन सिंड्रोमच्या रकान्यात ‘लो रिस्क’ लिहिलेलं. मोबाईलवर रात्रभर शोधून तिचे डोळे सुजले होते. “काकू, बाळ लहान राहणार का? माझंच काही चुकलं का?” असं ती विचारत होती. सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्यांनी तोवर कुठल्याशा दुकानातून प्रथिनांची पावडर आणून ठेवली होती, हिच्यात प्रोटीन कमी आहे म्हणून.

त्या दोघींना जे सांगितलं तेच इथे लिहिते. एमओएम म्हणजे त्याच आठवड्यात असलेल्या इतर गरोदर स्त्रियांच्या मधल्या आकड्याशी केलेली तुलना. मधला आकडा म्हणजे १. आपला आकडा ०.३८ म्हणजे मधल्यापेक्षा बराच कमी, साधारण ०.४च्या खालचा आकडा डॉक्टर लक्षात ठेवतात. पण पहिल्या तिमाहीत हे प्रथिन दर तीन-चार दिवसांनी दुप्पट होत असतं. त्यामुळे दिवस मोजण्यात आठवड्याची चूक झाली तर सगळं गणित फिरतं. आईचं वजन जास्त असेल, मधुमेह आधीपासून असेल, आयव्हीएफने दिवस गेले असतील, ती सिगारेट ओढत असेल, जुळं असेल, तर आकडा वेगळा वाचावा लागतो. म्हणून रक्त देताना जो फॉर्म भरतात तो घाईत भरू नका. त्याच दिवशीचं वजन, सोनोग्राफीची तारीख, त्या दिवशी मोजलेली बाळाची लांबी, मधुमेह, जुळं, आयव्हीएफ, सगळं खरं आणि नीट लिहा. ही तपासणी ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करायची असते, हेही लक्षात असू द्या.

आकडा खरोखरच कमी निघाला तर? पहिली गोष्ट, तो निकाल नव्हे. ज्यांचा आकडा कमी येतो त्यांतल्या बहुतेकींची बाळं चांगली जन्मतात. डाऊन सिंड्रोमची शंका असेल तर पुढच्या तपासण्या आहेत, त्या डॉक्टर सांगतील. ती शंका नसेल आणि तरी आकडा कमी असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की वारेवर जरा जास्त लक्ष ठेवायला हवं. वार नीट रुजली नसेल तर पुढे बाळाचं वजन कमी राहण्याची किंवा आईचं बीपी वाढण्याची शक्यता थोडी जास्त असते. डॉक्टरांना सरळ विचारा: शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या वाढीची सोनोग्राफी जास्तीची करायची का? गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर करायचा का? आणि मला कमी मात्रेची अॅस्पिरिन लागू आहे का? हा शेवटचा प्रश्न १६ आठवड्यांच्या आत विचारायला हवा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले कायप्रोस निकोलायडीस यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिली होती. दिवस भरण्याआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी वाढून आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतणारा आजार, ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. मात्र अॅस्पिरिन कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. शेजारणीला दिली म्हणून आपण सुरू करायची नाही.

आणि ती पावडर परत करा. पॅप-ए हे खाण्यातलं प्रथिन नाही. डाळ, अंडी, दूध गरोदरपणात हवंच, पण ते खाऊन हा आकडा वर जात नाही. कुठल्या काढ्याने नाही, गोळीने नाही. तो वाढवण्याची गरजही नसते, तो फक्त वारेची खबर देतो. त्या मुलीचं तर काहीच चुकलेलं नव्हतं.

इथवर सगळं तिसऱ्या महिन्याचं झालं. म्हातारपणाचा याच्याशी काय संबंध, ते आता सांगते.

कॉनोव्हर यांच्या गटाने पॅप-एचा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते जन्मतानाच नेहमीच्या उंदरांच्या ६० टक्के आकाराचे होते, प्रमाणबद्ध पण बुटके. आयुष्यभर तसेच लहान राहिले. म्हणजे पोटातल्या वाढीला हे प्रथिन किती लागतं ते दिसलं. २००७ साली त्यांच्या आयुष्याचा हिशेब बाहेर आला. हे उंदीर इतरांपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त जगले. त्यांना उपाशी ठेवलं नव्हतं, नेहमीचंच खाणं दिलं होतं. वाढीचं हार्मोन आणि रक्तातला एकूण आयजीएफ इतर उंदरांएवढाच होता. फरक फक्त ऊतींच्या आत, जिथल्या तिथे आयजीएफ सुटत नव्हता. गाठी त्यांना कमी झाल्या आणि उशिरा झाल्या. २००९ मध्ये पिट्सबर्गचे संशोधक अबे व्हायेहो यांच्याबरोबर केलेल्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते, प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. वय वाढतं तशी ती आक्रसते आणि तिच्यात चरबी भरते, माणसातही असंच होतं. या उंदरांत ती म्हातारपणीही शाबूत होती.

मग साहजिकच प्रश्न आला की जन्मापासून बुटकं राहिल्यामुळेच ते जास्त जगतात का. म्हणून पूर्ण वाढ झालेल्या माद्यांमध्ये हा जनुक नंतर बंद करून पाहिला. २०१७ मध्ये निकाल आला. त्यांचंही आयुष्य सुमारे एक पंचमांशाने वाढलं. मला या सगळ्या कामातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. वाढीचं वय संपल्यावर वाढीचा निरोप मंद केला तरी फायदा होतो, निदान उंदरात.

माणसाकडे वळायचं तर २००१ सालाकडे जावं लागेल. मेयो क्लिनिकच्याच मंडळींनी अचानक हृदयविकाराने गेलेल्या आठ माणसांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या. आपल्याकडे ‘ब्लॉकेज’ म्हणतात ते काही माणसांत वर्षानुवर्षं शांत बसून असतं आणि काहींत एक दिवस फुटतं, तिथे गुठळी होते आणि हृदयाचा झटका येतो. ब्लॉकेजच्या फुटलेल्या आणि खरवडलेल्या थरांमध्ये पॅप-ए भरपूर सापडलं. शांत बसलेल्या थरांमध्ये ते नसल्यासारखंच होतं. पुढे उंदरांवरच्या प्रयोगात पॅप-ए नसेल तर रक्तवाहिन्यांमध्ये हे थर खूपच कमी साठतात असं दिसलं. म्हणजे जे प्रथिन वारेत बाळाच्या वाढीला लागतं, तेच साठ वर्षांच्या माणसाच्या रक्तवाहिनीत जुनाट दाहाच्या जागी नको त्या पेशींना वाढ म्हणून सांगत असतं. अंगात दाह वाढला की ते जास्त तयार होतं, आणि वय वाढतं तसा दाहही वाढतो.

मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, त्या आजाराच्या उंदरांतही पॅप-ए कमी केल्यावर गाठी कमी झाल्या. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठणारी चरबी हे तर आपल्या लोकांचं विशेष दुखणं. माणसाच्या या आतल्या चरबीतल्या पेशी कातडीखालच्या चरबीतल्या पेशींपेक्षा जास्त पॅप-ए सोडतात, आणि पॅप-ए नसलेल्या उंदरांना तेलकट-तुपकट खाऊ घातलं तरी ही आतली चरबी त्यांना कमी चढते.

हे वाचून कोणाच्या मनात येईल की मग रक्तातलं पॅप-ए तपासून घ्यावं. घेऊ नका. गर्भारपणाबाहेर त्याचं रक्तातलं प्रमाण अगदी नगण्य असतं, कारण ते आपापल्या जागी चिकटून बसलेलं असतं. हृदयरोगासाठी त्याची तपासणी रुळावी म्हणून पुष्कळ प्रयत्न झाले. त्यात अडचण अशी निघाली की झटका आलेल्या रुग्णाला रक्त पातळ करायला हेपॅरिन देतात, आणि तेच हेपॅरिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं पॅप-ए सोडवून रक्तात आणतं. मग वाढलेला आकडा आजाराचा की इंजेक्शनचा? छातीत दुखलं तर ईसीजी आणि ट्रोपोनिन या तपासण्या आहेत, त्या कोणत्याही चांगल्या दवाखान्यात होतात.

आणखी एक भीती मी बायकांच्या तोंडून ऐकली आहे, ती बोलून मोकळी करते. गरोदरपणात हे प्रथिन एवढं वाढतं तर बाळंतपणामुळे आपण लवकर म्हाताऱ्या होतो का? या प्रथिनामुळे तरी होत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तात फिरणारं बहुतेक सगळं पॅप-ए वारेतल्याच दुसऱ्या एका प्रथिनाने घट्ट बांधलेलं असतं, त्याला काम करता येत नाही. शरीराने त्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते रक्तातून ओसरतं.

आता ज्यांच्याबद्दल मला खरी काळजी आहे त्या दुकानांबद्दल. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘अँटी-एजिंग’ची पाटी लागलेली दिसते. कुठे वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं, कुठे व्यायामशाळेत हळूच विकले जाणारे आयजीएफचे पेप्टाइड, कुठे वारेच्या अर्काचं क्रीम. यातल्या हार्मोनच्या धंद्याचं मूळ १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासात आहे. डॅनियल रुडमन या अमेरिकन डॉक्टरांनी ६१ ते ८१ वयाच्या २१ पुरुषांपैकी १२ जणांना सहा महिने वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं दिली. स्नायू थोडे वाढले, चरबी थोडी कमी झाली. अभ्यास तेवढाच होता. पण विकणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. ज्या नियतकालिकात तो छापून आला त्या नियतकालिकाला पुढे २००३ मध्ये या गैरवापराबद्दल मुद्दाम लिहावं लागलं. नंतरच्या चाचण्यांत म्हाताऱ्या माणसांना या इंजेक्शनांनी पाय सुजले, सांधे दुखले, हाताला मुंग्या आल्या, साखर वाढली.

आणि दिशा पाहा. वाढीचं हार्मोन घेतलं की अंगात आयजीएफ वाढतो. उंदरांत आयुष्य वाढलं ते आयजीएफ कमी सुटल्यामुळे. म्हणजे तारुण्य म्हणून जे विकलं जातंय ते बरोबर उलट्या बाजूला नेणारं आहे. ज्या मुलांना खरोखर वाढीच्या हार्मोनची कमतरता असते त्यांना हे औषध जरूर द्यावं लागतं, बालरोगतज्ज्ञ आणि हार्मोनतज्ज्ञ ते देतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलते ते पंचावन्न वर्षांच्या धडधाकट माणसाबद्दल, जो कर्ज काढून दर महिन्याला दंडात सुई टोचून घेतो.

उलट टोकाचाही मोह नको. उद्या कोणी पॅप-ए बंद करणारी गोळी म्हणून काही विकायला आणलं तर हात जोडा. आयुष्य वाढवण्यासाठी घ्यावं असं पॅप-एवरचं कोणतंही औषध आज उपलब्ध नाही. पॅप-ए नसलेल्या उंदरांची हाडं कमी भरलेली होती आणि मोडलेलं हाड जुळायला वेळ लागत होता. साठीनंतर आपल्या बायकांची मनगटं आणि खुबे कसे मोडतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. माणसांचं उदाहरण हवं तर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशात एक समाज आहे. जन्मतःच वाढीच्या हार्मोनचा निरोप न पोचणारी, त्यामुळे आयजीएफ अगदी कमी असलेली बुटकी माणसं तिथे राहतात. हायमे गेव्हारा-आगीरे या डॉक्टरांनी त्यांच्यातल्या ९९ जणांवर २२ वर्षं लक्ष ठेवलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. मधुमेह एकालाही नाही, कर्करोग एकीलाच, तोही जीवघेणा नाही. त्यांच्या उंच नातेवाइकांत मात्र दोन्ही आजार होते. तरीही ही माणसं नातेवाइकांपेक्षा जास्त जगली नाहीत. अपघात, दारू, फिट्स यांनी त्यांना आधीच नेलं. आजार टळणं आणि आयुष्य वाढणं यांच्यामध्ये माणसाचं सगळं जगणं पडलेलं असतं.

मग वाचकांनी करायचं काय? इथे मी पुन्हा त्या फाईलकडे येते.

गर्भारपण हा शरीराच्या ताकदीचा मोठा कस असतो. हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन करावं लागतं, रक्तवाहिन्यांना सैल व्हावं लागतं. त्या नऊ महिन्यांत जे अवयव कमी पडले, ते वीस-तीस वर्षांनी पुन्हा कमी पडण्याची शक्यता जास्त. ज्यांना गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या सुमारे दुप्पट असतो, कायमचं बीपी लागण्याची शक्यता तिपटीहून जास्त. ज्यांना गरोदरपणात साखर निघाली त्यांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सातपटीहून कमी नाही. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०११ मध्ये गर्भारपणातल्या या त्रासांना हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे मात्र पन्नाशीच्या बाईला छातीत जळजळ झाली की अॅसिडिटी म्हणून घरी पाठवतात आणि तिच्या पहिल्या बाळंतपणात बीपी किती होतं हे कोणी विचारत नाही. तिलाही आठवत नाही. फाईल रद्दीत गेलेली असते.

म्हणून बाळंतपणाला सहा आठवडे झाले की ज्यांना साखर निघाली होती त्यांनी ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी पुन्हा करून घ्या. ‘आता नॉर्मल झालं’ म्हणून इथेच सगळ्याजणी सुटतात. बाळाच्या लसीची तारीख चुकत नाही, आईची तपासणी मात्र हमखास राहते. त्यानंतर दर वर्षी एकदा साखर. बीपी वाढलं होतं त्यांनी दर वर्षी बीपी मोजा, प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट होतं. चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रथिन यांचीही भर घाला. मधे दुसरं बाळ हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा.

या कामात नवऱ्याचा आणि सासू-सासऱ्यांचाही वाटा आहे. बाळंतीण सहा आठवड्यांची असताना अर्धा दिवस लॅबमध्ये बसणार कधी, बाळाला कोण धरणार? ते तुम्ही धरा. तिला सकाळी फिरायला बाहेर पडता येईल अशी घरातली कामं वाटून घ्या. पोटाचा घेर कमी करायला चालणं, रोजचं जेवण जरा कमी तेलात, तंबाखू आणि मिश्री बंद, यापुढे अजून तरी ‘अँटी-एजिंग’च्या कोणत्याही इंजेक्शनाची मजल गेलेली नाही. डिंकाचे आणि मेथीचे लाडू बाळंतिणीला जरूर द्या, पण जिला साखर निघाली होती तिला किती, हे डॉक्टरांना विचारून.

बाळाच्या वजनाबद्दलही एक सांगायचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांमधल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी पावणेतीन किलोंच्याही आत होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानाने शाबूत. अशी बाळं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात. यात पॅप-एचा हात किती हे कोणी मोजलेलं नाही, मी तसं सुचवतही नाही. पण पोटातली वाढ आणि चाळिशीतला आजार एकाच धाग्यात असतात, हे आपल्याच मातीत तपासलं गेलं आहे. म्हणून कमी वजनाच्या बाळाला दोन-तीन वर्षांचं झाल्यावर बिस्किटं, साखरेचं दूध, वरून तूप असं कोंबून गुटगुटीत करायचा हट्ट धरू नका. पोटात असताना आईला चौरस जेवण आणि विश्रांती, पहिले सहा महिने अंगावरचं दूध, आणि नंतर मूल मागेल तेवढं घरचं जेवण.

ज्यांची फाईल आधीच गेली आहे त्यांनी हळहळत बसू नका. एका कागदावर आठवेल तेवढं लिहा: प्रत्येक बाळंतपणाचं साल, दिवस भरून झालं की आधी, बीपी वाढलं होतं का, साखर निघाली होती का, पाय आणि तोंड सुजलं होतं का, फिट आली होती का, बाळाचं जन्मवजन. आई, सासू, मोठी बहीण यांना विचारलं तर बरंच आठवतं. हा कागद आधार कार्डाच्या पिशवीत ठेवा आणि पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, मग ते डोळ्यांचे असोत की गुडघ्याचे, तर त्यांच्या टेबलावर ठेवा. बाळाचं जन्मवजन त्याच्याही लसीच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ते मूल तिशीत पोचून पहिल्यांदा साखर तपासायला जाईल तेव्हा त्याच्या डॉक्टरांना ते विचारायचं असेल.